लोकमान्यांचा देह आणि निश्चय

१ ऑगस्ट रोजी लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी सभा होतात, तसबिरीस हार घातले जातात, आणि केसरी, गणेशोत्सव व स्वराज्य या तीन शब्दांत त्यांचे चरित्र आटोपले जाते. आमच्या सभासद कुटुंबांपुढे त्या चरित्रातील एक काहीसा बाजूस पडलेला भाग ठेवावा, असे आम्हांस वाटते. देवदर्शन आटोपून मंडळी सभामंडपात घटकाभर टेकली की बोलणे बहुधा प्रकृतीवर येते; आणि आमची कुडीच अशी, आता वय झाले, आता काय व्हायचे राहिले, अशा उद्गारांवर ते संपते. टिळकांसही असे म्हणण्यास पुष्कळ कारणे होती.

बळवंतरावांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते व पुढे शिक्षणखात्यात अधिकारपदास चढले. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले आणि त्याच वर्षी मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या. १८७१ मध्ये विवाह झाला. १८७२ मध्ये, मॅट्रिकची परीक्षा तोंडावर असता, वडीलही गेले. १८७३ च्या आरंभी हा सोळा वर्षांचा पोरका मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला, तेव्हा त्याची शरीरयष्टी अगदीच किरकोळ होती आणि पचनशक्ती बेताची होती. पत्नी सत्यभामाबाई वयाने लहान असूनही अंगापिंडाने अधिक सुदृढ दिसत, आणि त्यावरून सोबती थट्टा करीत, असे चरित्रकार लिहितात.

अशा थट्टेने मनुष्य एक तर चिडतो किंवा खचतो. टिळकांनी तिसरा मार्ग धरला. शरीर हे जन्मजात दुबळे आहे ही समजूत त्यांनी मनातून काढून टाकली आणि कॉलेजातील पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे शरीरास दिले. पहाटे तालीम, जोर, बैठका, कुस्ती. नंतर नदीवर तासन्‌तास पोहणे, कधी नाव वल्हवणे. खाणेही त्या बेताचे, दूधदुभत्यावर भर देणारे. अभ्यास मागे पडला व परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेले. आजच्या पालकांस हा सौदा पटेल की नाही, याची आम्हांस शंकाच आहे. परंतु ज्याच्या डोक्यावर आईबापांचे छत्र उरले नव्हते, त्याने एक वर्ष जाणूनबुजून खर्ची घातले, यातच त्या निश्चयाची किंमत दिसते. पुढे १८७६ मध्ये ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि १८७९ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. वसतिगृहातील सोबत्यांच्या औषधांच्या बाटल्या ते फेकून देत, अशीही एक आठवण सांगतात. तेवढे अनुकरण मात्र वाचकांनी करू नये! टिळकांसही सुपारीची सवय होतीच. ते काही निर्दोष व्यायामपटू नव्हते.

त्या वर्षी कमावलेले शरीर पुढे तुरुंगाने तीन वेळा कसोटीस लावले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, ती पहिली खेप. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. काथ्याचे काम आणि तुरुंगातील अन्न यांनी वजन झपाट्याने उतरले. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाली, तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. त्यांनी अंथरूण न धरता सिंहगडाची हवा धरली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते मद्रासच्या काँग्रेसला हजर होते.

खरी परीक्षा तिसऱ्या खेपेस झाली. २२ जुलै १९०८ च्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यांस बावन्न वर्षे पूर्ण होत होती. ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात त्यांस ठेवले. बराकीच्या भिंती लाकडी, त्यांच्या फटींतून उन्हाळ्यात तापलेली धूळ आत येई व हिवाळ्यात गार वारा. त्यात मधुमेह. इन्शुलिनचा शोध लागला तो १९२१ मध्ये, म्हणजे टिळकांच्या निधनानंतर. तेव्हा या रोगावर पथ्य हाच मुख्य इलाज होता. अशा स्थितीत सुटकेपर्यंत आपण जगू की नाही, हा विचार कोणाच्याही मनात आला असता. टिळकांनी त्या विचारास दिवसाच्या वेळापत्रकात जागाच ठेवली नाही. गहू व तांदूळ वर्ज्य करून ते जवाच्या पिठावर राहिले. पहाटे ध्यान, मग ठरलेले वाचन, लेखन. जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास त्यांनी पन्नाशी उलटल्यावर तेथे केला. २ नोव्हेंबर १९१० रोजी पेन्सिलीने गीतारहस्य लिहावयास घेतले आणि ३० मार्च १९११ पर्यंत, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, त्याचा खर्डा पुरा केला. कर्मयोगावरील तो ग्रंथ अशा दिनचर्येतून निघाला, हे आम्हांस विशेष वाटते.

दुःख त्यांस शिवले नाही असे नव्हे. ७ जून १९१२ रोजी पुण्यास सत्यभामाबाई वारल्या. तारेने ती वार्ता मंडालेस पोहोचली, तेव्हा हा धीराचा पुरुष हादरून गेला. तरीही घरी धाडलेल्या पत्रात, मुलांच्या अभ्यासात खंड पडू देऊ नये, आपण याहून लहान वयात आईबापांस मुकलो होतो, असे त्यांनी कळविले. सोळाव्या वर्षी शिकलेली गोष्ट ते त्या दिवशी स्वतःसच पुन्हा सांगत असावेत, असे आम्हांस वाटते.

१६ जून १९१४ च्या रात्री ते पुण्यास आपल्या वाड्यात परतले. शरीर थकले होते, मधुमेह कायम होता, घरी पत्नी नव्हती. पुढील वर्षी गीतारहस्य छापून झाले. २८ एप्रिल १९१६ रोजी, साठी पुरी होण्यास तीन महिने उरले असता, त्यांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. तीन महिन्यांनी वाढदिवशी लोकांनी एक लक्ष रुपयांची थैली अर्पण केली. ती त्यांनी राष्ट्रकार्यास दिली आणि पुन्हा दौऱ्यावर निघाले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस सरदारगृहात त्यांचा देह पडेपर्यंत ही धावपळ थांबली नाही.