दप्तराच्या घरातले दासोपंत

अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांचे नाव निघते ते त्यांच्या अफाट लेखनामुळे. सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव आणि चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली पासोडी, एवढे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. मात्र हा कवी महसुलाचा हिशेब लिहिणाऱ्या घरात जन्मला आणि त्या हिशेबापायीच कोवळ्या वयात ओलीस राहिला, ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

शके १४७३, म्हणजे इ.स. १५५१ मध्ये बिदर परिसरातील नारायणपेठ येथे दासोपंतांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. घराण्याकडे देशपांडेपण होते. त्या काळी गावात पाटील व कुलकर्णी, तर परगण्यात देशमुख व देशपांडे अशी जोडी असे. वसूल आणि बंदोबस्त पहिल्याकडे, लेखणी दुसऱ्याकडे. कोणाची जमीन किती, सारा किती आला, बाकी किती राहिली, या साऱ्याची नोंद कुलकर्णी ठेवी. गावोगावचे हे आकडे देशपांड्याच्या दप्तरात एकत्र होत. काम वंशपरंपरेचे असल्याने मुलगा बोरू धरायला शिकला, की तोच पुढचा देशपांडे. अक्षर न ओळखणाऱ्या रयतेला या लेखणीचा आधार वाटे, तसाच धाकही.

त्याच शतकात, १५३८ मध्ये, इंग्लंडमधील प्रत्येक चर्चला आपल्या हद्दीतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम झाला होता. तेथील सामान्य माणसांचीही नावे त्यामुळे कागदावर राहिली. आपल्याकडच्या दप्तरात प्रामुख्याने जमीन आणि सारा उरला. दप्तरदाराच्या मुलाचे चरित्रसुद्धा त्यामुळे शिष्यपरंपरेने जपलेल्या आख्यानांतूनच हाती येते.

या आख्यानांनुसार, दासोपंत किशोरवयात असताना मुलखात दुष्काळ पडला. रयतेकडून वसूल येईना आणि दिगंबरपंतांना सरकारी भरणा करता आला नाही. बिदरला तेव्हा बरीदशाहीचा अंमल होता. दरबाराने बाकीच्या बदल्यात मुलाला ठेवून घेतले. ठरलेल्या मुदतीत रक्कम आली नाही, तर मुलाचे धर्मांतर करण्यात येईल, अशी अट होती. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाचा कोणी अनोळखी माणूस आला, सारी रक्कम भरून पावती घेऊन गेला आणि मुलगा सुटला. हा दत्ताजी म्हणजे साक्षात दत्तात्रेय, अशी भक्तांची श्रद्धा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही बिदरच्या दरबाराशीच जोडलेली आहे आणि तिच्यातही दुष्काळ, थकलेले सरकारी देणे आणि भरणा करणारा अनोळखी माणूस आहेच. चमत्कार बाजूला ठेवला तरी खजिना आणि उपाशी रयत यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या हिशेबनिसाची कोंडी या दोन्ही कथांतून स्पष्ट दिसते.

सुटकेनंतर दासोपंतांचे मन घरात रमले नाही. आपले देणे फेडणारा कोण, या ध्यासाने तरुण पत्नीला मागे ठेवून ते निघाले. आजच्या नांदेड जिल्ह्यातील माहूरगडावर, दत्ताच्या स्थानी, त्यांनी बारा वर्षे तप केल्याचे परंपरा सांगते. तेथून ते गोदाकाठी राक्षसभुवनला गेले. पुढे कुटुंबाची पुन्हा भेट झाली आणि अखेर अंबाजोगाईत ते स्थिरावले. वडिलांच्या दप्तराकडे मात्र ते परतले नाहीत.

पण लेखणी सुटली नाही. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, अशी आख्यायिका आहे. गीतार्णवाचा आकार पाहता ती अतिशयोक्ती वाटत नाही. नऊ हजारांच्या आसपास ओव्यांच्या ज्ञानेश्वरीच्या जवळपास चौदापट हा ग्रंथ आहे. याखेरीज गीतार्थबोधचंद्रिका, ग्रंथराज आणि असंख्य पदे त्यांनी रचली. पदांत मराठीबरोबर कानडी आणि तेलुगूही आहे. सीमेवरच्या मुलखात वाढलेल्या माणसाला या भाषा परक्या नव्हत्या. गीतार्णवाचा विस्तार हे त्याचे वैभव खरे, पण त्या विस्तारामुळेच तो सामान्य वाचकापर्यंत पोचला नाही, हेही मान्य करावे लागते.

पैठणचे एकनाथ हे त्यांचे समकालीन. एकनाथ पंचकात दासोपंतांची गणना होते. गुरू जनार्दनस्वामींच्या घरी हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथ रात्रभर जागले, ही कथा प्रसिद्धच आहे. आकडेमोडीत तयार झालेली अशी दोन माणसे एकाच काळात मराठी ओवी लिहीत होती.

पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे सुती पांघरूण. अशा सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तातील अवघड विषय ओवीबद्ध केला. अंबाजोगाईत ते वस्त्र पिढ्यान् पिढ्या जपले गेले. काळाच्या ओघात त्यातील काही मजकूर झिजून गेला. उरलेली अक्षरे लावून न. शे. पोहनेरकर यांनी पासोडीचे संपादन केले. शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीला दासोपंतांनी देह ठेवला. त्यांची समाधी अंबाजोगाईतच आहे आणि त्यांच्या वंशजांची थोरले देवघर व धाकटे देवघर ही घराणी त्याच गावात नांदली.