लोकमान्यांचे गणित

रत्नागिरीस गंगाधर रामचंद्र टिळक नावाचे एक शाळामास्तर राहत असत. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांचा व्यासंग मोठा होता. त्रिकोणमितीवर त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिले होते. पगार मात्र बेताचाच होता. त्यांना २३ जुलै १८५६ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव केशव ठेवले. पण घरात सर्वजण त्याला बाळ म्हणत आणि पुढे तेच नाव रूढ झाले.

त्या काळी रुपयाचे आणे सोळा आणि शेराचे पावशेर चार. बाजारात नुसत्या पूर्ण संख्यांनी कोणाचेच भागत नसे. म्हणून साधे पाढे पाठ झाले की मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकावे लागत. साडेतीनाच्या पाढ्याला औटकी म्हणत. दीड आणा शेर या दराने पाच शेर धान्याचे साडेसात आणे होतात, हे लहान मूलही क्षणात सांगे. दीड म्हणजे तीन द्वितीयांश. त्याची पाचपट पंधरा द्वितीयांश. त्यातून पूर्णांक वेगळे काढले की साडेसात उरतात. अंशाधिक अपूर्णांकाचे पूर्णांकयुक्त अपूर्णांकात होणारे हे रूपांतर दिडकीत दडलेले असते. पण दिडकी म्हणणाऱ्या किती मुलांना ते ठाऊक असे, हा प्रश्नच आहे.

बाळाला ते लवकर कळले. वडील त्याला घरीच शिकवीत. आठव्या वर्षी त्याची मुंज झाली, तेव्हा रूपावली, समासचक्र, निम्मा अमरकोश आणि भिन्नापर्यंतचे गणित एवढा अभ्यास त्याचा पुरा झाला होता, असे चरित्रकार सांगतात. भिन्न म्हणजेच अपूर्णांक.

१८६६ साली गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली. त्याच वर्षी बाळाची आई पार्वतीबाई वारली. १८७२ साली वडीलही गेले. त्याच साली सोळा वर्षांचा हा मुलगा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुढे डेक्कन कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याला केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणिताचे गुरू लाभले. छत्रे केवळ गणित शिकवीत नसत. आकाशातील ग्रहांशी न जुळणारी जुनी पंचांगे सुधारण्याच्या खटपटीतही ते होते. गुरूची ही तळमळ शिष्यात उतरली.

बळवंतराव टिळक १८७६ साली बी. ए. आणि १८७९ साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. सरकारी नोकरी त्यांनी पत्करली नाही. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, त्यात आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात ते १८९० पर्यंत शिकवीत होते. गणित हा त्यांचा आवडीचा विषय. फळ्याकडे फारसे न वळता ते उदाहरण तोंडीच सोडवीत. हुशार विद्यार्थ्यांना त्यात आनंद वाटे. मागे पडणाऱ्यांची मात्र तारांबळ उडत असणार!

पुढे केसरी, राजकारण, खटले आणि तुरुंग यांनी त्यांचे आयुष्य व्यापले, तरी गणित सुटले नाही. १८९३ साली त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा पाया एका सोप्या हिशेबात आहे. आकाशाच्या ३६० अंशांत नक्षत्रे सत्तावीस. म्हणून एका नक्षत्राच्या वाट्याला १३ पूर्णांक १/३ अंश, म्हणजेच ४०/३ अंश येतात. वसंतसंपात एक अंश मागे सरकण्यास सुमारे ७२ वर्षे लागतात. ७२ ला ४०/३ ने गुणले की ९६० वर्षे येतात. तेव्हा वसंतसंपात कोणत्या नक्षत्रात होता हे जुन्या वाङ्मयातून कळले, तर त्या वाङ्मयाचा काळ काढता येईल, असा टिळकांचा विचार होता. त्यांनी मृगशीर्षावरून वेदांचा काळ इ. स. पूर्व ४००० च्याही मागे नेला. आज बहुतेक विद्वान हा निष्कर्ष मानीत नाहीत. ऋग्वेदाचा काळ ते बराच अलीकडचा समजतात.

१९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. तेथे गीतारहस्य लिहून झाले, तसेच वेदांगज्योतिषाचाही अभ्यास झाला. त्या प्राचीन ग्रंथात पाच वर्षांचे एक युग, त्याचे दिवस १८३० आणि चांद्रमास ६२ मानले आहेत. भागाकार केला की एका महिन्याचे २९ पूर्णांक १६/३१ दिवस येतात. तुरुंगाच्या कोठडीत पन्नाशी ओलांडलेला हा कैदी असल्या अपूर्णांकांत रमत असे. हे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १९२५ साली प्रसिद्ध झाले.

पंचांगाचा प्रश्न मात्र केवळ विद्वत्तेचा नव्हता. सूर्यसिद्धान्तातील वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. साडेतीन मिनिटांची कोण पर्वा करणार? पण ७/२ ला ४०० ने गुणले की १४०० मिनिटे होतात, म्हणजे चार शतकांत जवळजवळ एक दिवस! ग्रहण पंचांगातील वेळेला लागत नाही, ग्रह सांगितलेल्या जागी दिसत नाही, तो अशाच साचलेल्या चुकांमुळे. आकाशात जे दिसते तेच पंचांगात असले पाहिजे, असा टिळकांचा आग्रह होता. १९०४ साली मुंबईस ज्योतिष्यांची परिषद भरली, तीतही त्यांनी पुढाकार घेतला. परंतु वर्षारंभ कोणत्या बिंदूपासून मोजावा, यावर एकमत झाले नाही. रेवतीच्या योगताऱ्यापासून मोजावे, हे छत्र्यांचे मत टिळकांनी उचलून धरले. इतरांनी सुमारे चार अंश दूरचा बिंदू मानला.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे पंचांग रत्नागिरीतील आणि कोकणातील काही घरांत आजही चालते. त्या चार अंशांमुळे तेथे मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक मास. संक्रांतीच चार दिवस सरकल्याने एखाद्या वर्षी दोन पंचांगांचे अधिक मास निराळे पडतात. अशा वर्षी एका घरी गणपतीची आरती चालू असते, आणि शेजारच्या घरी गणपती यायला अजून महिना असतो.