कर्करोगाचा माग काढणारा माणूस : डॉ. वसंत रामजी खानोलकर

खानोलकर हे नाव उच्चारले की आपल्या महाविद्यालयात सर्वांना चिं. त्र्यं. खानोलकरच आठवतात. साहजिकच आहे. परंतु याच आडनावाचे आणखी एक थोर गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेले आणि वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर त्यांची ओळख फारशी कोणाला नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ होते. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. तरीही त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली मांसाचा कण पाहणाऱ्या या माणसाने त्या कणामागचा समाजही पाहिला.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी १९२३ साली मिळवली. विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टराला त्या काळी मुंबईत दवाखाना थाटून नाव आणि पैसा दोन्ही मिळवता आले असते. खानोलकरांनी अध्यापन पत्करले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज येथे ते विकृतिशास्त्र शिकवीत. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे व संशोधनाचे संचालक झाले.

पॅथॉलॉजिस्ट नेमके करतो काय, हे आपणा कला शाखेच्या मंडळींना सांगायला हवे. स्त्रीच्या स्तनात गाठ लागते. हाताला ती कठीण लागली, तरी ती साधी आहे की कर्करोगाची, हे केवळ चाचपून निश्चित सांगता येत नाही. म्हणून तिचा तुकडा काढतात. तो रसायनात टिकवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्या ठोकळ्याचे कागदाहूनही पातळ काप काढतात. काप काचपट्टीवर घेऊन रंगवले की पेशींची केंद्रके निळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. पेशी आपली मर्यादा सांभाळून आहेत की भोवतालच्या चरबीत घुसल्या आहेत, ते मग पाहायचे. त्या काळी निदान कर्करोगाचे ठरले की संपूर्ण स्तन, खालचे स्नायू आणि काखेतील गाठी काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया करीत. कधी रुग्ण बेशुद्ध असतानाच तुकडा गोठवून काप काढतात आणि शल्यविशारद हातमोजे घालून निकालाची वाट पाहत उभा राहतो. काचेवर पाहणाऱ्याची चूक झाली तर एका बाजूला निरोगी स्त्रीचे अवयव जायचे आणि दुसऱ्या बाजूला आजारी स्त्रीचा जीव.

माझ्या थोरल्या काकूने छातीतली गाठ वर्षभर पदराआड लपवली होती. दुखत नव्हती, आणि घरात त्या अवयवाचे नाव घ्यायची सोय नव्हती. अखेर तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत काका रोज ओसरीवर येरझाऱ्या घालीत आणि आजी कोणाशी बोलत नसे. गाठ कर्करोगाचीच निघाली. वेळेत शस्त्रक्रिया झाली म्हणून काकू आज आमच्यात आहे. तो कागद ज्याच्या सहीने आला, त्याचे तोंड आमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही. खानोलकरांनी आयुष्यभर केलेले काम हे असे, रुग्णाला न दिसणारे.

पण ते निदानावर थांबले नाहीत. हा रोग याच माणसाला का झाला, असा त्यांचा पुढचा प्रश्न असे. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या रूढींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन प्रकार त्यात मांडले होते. धोतर वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळल्याने तेथील कातडीला होणारा, चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला होणारा, आणि तंबाखू-चुना ओठाआड धरल्याने होणारा. कमरेची गाठ, तोंडातला विस्तव, ओठाखालची चिमूट! आपल्या मराठवाड्यात तंबाखू मळणारे हात काय थोडे आहेत?

स्तनाच्या कर्करोगाबाबतही त्यांनी हीच दृष्टी ठेवली. मुंबईच्या रुग्णांत त्यांना दिसले की पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा. शहर एकच, पाणी आणि हवाही तीच. मग फरक रक्तातला की राहणीतला? रक्ताच्या बाजूने शोध घेताना त्यांनी एल. डी. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांचा आनुवंशिक अभ्यास केला, तो १९४९ साली प्रसिद्ध झाला. राहणीची बाजू पुढे जगभरच्या अभ्यासांतून उलगडली. पहिले मूल कमी वयात होणे, अधिक मुले होणे आणि त्यांना दीर्घकाळ अंगावर पाजणे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो. पारशी समाजात लग्ने उशिरा आणि मुले थोडी. समाजशास्त्राच्या तासाला विवाहाचे वय हा विषय निघतो, तेव्हा ही बाजू मात्र कोणी सांगत नाही.

त्यांच्या हाताखाली पुण्याच्या एक तरुण संशोधिका काम करीत होत्या. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, माहेरच्या समर्थ, म्हणजेच कमल रणदिवे. खानोलकरांच्या मार्गदर्शनाने उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर काम करून त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून त्या परत आल्या आणि खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्या तपासत राहिल्या. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. मला वाटते, खानोलकरांच्या निबंधांइतकेच त्यांचे हे शिष्यधन मोलाचे आहे.

मानसन्मान पुष्कळ झाले. पद्मभूषण मिळाले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंतून कसे पसरतात यावरचे त्यांचे काम हा तर स्वतंत्र लेखाचा विषय होईल. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९८७ साली, बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आपल्या मराठवाड्यातील परंडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात आले. त्या नोंदींत खेड्यातल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी आढळले. २०१२ पासून आपल्या छत्रपती संभाजीनगरातही शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. वैजापूर, पैठण, जालना येथून बायका तिथे येतात, आणि त्यांच्या गाठींचे तुकडे मेणात बसवून काचेवर घेतले जातात.