राणी बाकाबाई भोसले

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. गावावरील रोगराई व पीडा टळावी, म्हणून या भव्य पुतळ्यांचे शेवटी दहन करतात. काळी मारबत ही राणी बाकाबाईंची प्रतिमा होय, असे लोक मानतात. त्यांनी इंग्रजांना साहाय्य केले, असा त्यांच्यावर ठपका आहे. हा ठपका नीट समजून घ्यावयाचा, तर त्यांचे सारे आयुष्य पाहिले पाहिजे.

बाकाबाई या नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांच्या राणी. १८१६ साली रघूजी निवर्तले. त्यांचे पुत्र परसोजी गादीवर आले. परंतु ते शरीराने दुर्बल व राज्यकारभारास असमर्थ होते. त्यांचे चुलतबंधू आप्पासाहेब यांनी सत्ता आपल्या हाती घेतली. पुढच्याच वर्षी परसोजी मरण पावले व आप्पासाहेब राजे झाले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांचे इंग्रजांशी युद्ध झाले. त्यात त्यांचा पराभव झाला आणि लवकरच त्यांना गादीही गमवावी लागली.

आता भोसल्यांचा वंश कोणी चालवावयाचा? दुसऱ्या रघूजींच्या कन्येचा मुलगा दत्तक घेण्यात आला व १८१८ साली तिसरे रघूजी या नावाने तो गादीवर बसला. इंग्रजांनी हे दत्तविधान मान्य केले. राजा अल्पवयी असल्यामुळे बाकाबाई त्याच्या पालक झाल्या. मात्र खरा कारभार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याच्याच हाती होता.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजीही निपुत्रिक वारले. या वेळी मात्र गव्हर्नर जनरल डलहौसी याने दत्तकाचा हक्क नाकारला व १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याच्यामागे औरस संतती नव्हती, तेव्हा त्याची पुतणी व्हिक्टोरिया १८३७ साली राणी झाली होती. तेथे पुत्रावाचून राज्य बुडाले नाही; नागपूरचे मात्र बुडाले! राजवाड्यातील जडजवाहीर, हत्ती, घोडे व बैल यांचा लिलाव झाला. वृद्ध बाकाबाईंनी या अन्यायाला कसून विरोध केला; पण त्यांचे कोणी ऐकले नाही.

तीन वर्षांनी, १८५७ साली, नागपुरातही उठावाची तयारी झाली. अनेकांच्या नजरा राजवाड्याकडे लागल्या. परंतु बाकाबाईंनी आपल्या आप्तांना व सेवकांना उठावापासून दूर राहण्याची सक्त ताकीद दिली. उठावाचा बेत फसला आणि त्यात सामील झालेल्या कित्येकांना फाशी झाली. १८५८ साली बाकाबाई निवर्तल्या. पुढे सरकारने दत्तक जानोजी यांना देऊरचे राजेबहादूर हा किताब दिला. राज्य मात्र परत मिळाले नाही.

सीताबर्डीचा पराभव बाकाबाईंनी पाहिला होता. उरलेसुरले घराणे तरी वाचावे, असे त्यांना वाटले असेल. पण ज्यांची माणसे फासावर गेली, त्यांचे दुःखही खोटे नव्हते. मुलांनो, पुढच्या तान्ह्या पोळ्याला काळी मारबत पाहाल, तेव्हा त्या हुतात्म्यांचे स्मरण करा आणि आपल्या डोळ्यांदेखत राज्य बुडताना पाहणाऱ्या या वृद्ध राणीलाही विसरू नका. कोणाच्याही आयुष्याचा निवाडा त्यातील एकाच प्रसंगावरून करू नये.