कापड व्यापाऱ्याने पाहिलेला दातांवरचा थर

सोलापूरकरांना कापडाची पारख शिकवावी लागत नाही. सूक्ष्मजीवांचे जग जगापुढे आणणारे अंतोनी व्हान लेव्हेनहुकही असेच कापडाचे पारखी होते.

२४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट गावी, टोपल्या विणणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. विद्यापीठ पाहिले नाही, लॅटिन येत नव्हती. ॲमस्टरडॅमला कापडधंदा शिकून त्यांनी १६५४ मध्ये गावात दुकान थाटले. पुढे भिंगे घासण्याचा नाद लागला. त्यांच्या उपलब्ध सूक्ष्मदर्शकांपैकी एक तर वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतो. १६८० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले.

ते रोज सकाळी मिठाने दात घासत. तरीही दातांच्या फटीत पांढरा थर उरे. १६८३ मध्ये तो थर पाण्यात कालवून त्यांनी भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. मग त्यांनी व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. थर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला की जीव मरत, पण चूळ भरल्याने वरवरचेच मरत. थराच्या आतले जिवंत राहत.

आज इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात बसवणाऱ्यांनी हेच लक्षात ठेवायला हवे. टायटॅनियमच्या स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात. हा खडबडीतपणा साधारण १ ते २ मायक्रॉन असतो आणि त्यामुळे हाड स्क्रूला घट्ट धरते. हिरडीतून वर येणारा भाग मात्र गुळगुळीत ठेवतात. हिरडी सुजून हाड झिजले, की खडबडीत भाग उघडा पडतो. जिवाणूही साधारण मायक्रॉनभराचाच, त्यामुळे त्या खाचांत त्याला आयता आसरा मिळतो. थर साचतो, हाड आणखी झिजते आणि शेवटी इम्प्लांट हलू लागतो. मधुमेह ताब्यात नसेल किंवा तंबाखू, सिगारेट चालू असेल, तर धोका वाढतो.

कृत्रिम दात किडत नाही, म्हणून घासायची गरज नाही, असा समज करून घेऊ नका. नुसत्या माउथवॉशवरही विसंबू नका. दोन वेळा मऊ ब्रश, फटींसाठी बारीक ब्रश आणि ठरलेल्या वेळी दंतवैद्यांकडून तपासणी एवढे पाळाच. हिरडीतून रक्त किंवा पू आला, तर दुखण्याची वाट पाहू नका.

लेव्हेनहुक २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी वारले. अखेरपर्यंत त्यांचे निरीक्षण सुरूच होते.