कॉफीच्या शेतकऱ्यांसाठी नोकरीवर लाथ मारणारा डच साहेब!

कॉफीच्या पाकिटावर 'फेअर ट्रेड'चा शिक्का पाहिलाय? शेतकऱ्याला रास्त भाव मिळाल्याची ती खूण. तिची मुळं एका राजीनाम्यात आहेत!

एडुआर्ड डाउवेस डेक्कर १८२० साली ॲमस्टरडॅममध्ये जन्मला. अठराव्या वर्षी तो जहाजाने आजच्या इंडोनेशियाला निघाला आणि तिथे डच सरकारच्या नोकरीत लागला. जावातल्या शेतकऱ्यांवर तेव्हा कॉफी, ऊस, नीळ पिकवायची सक्ती होती. भाव सरकार ठरवायचं आणि नफा हॉलंडला जायचा.

१८५६ मध्ये त्याची लेबाक जिल्ह्यात नेमणूक झाली. तिथला स्थानिक सरदार गरिबांच्या म्हशी ओढून न्यायचा, त्यांना फुकट राबवायचा. डेक्करने वर तक्रार केली. सरदार राहिला बाजूला, बदली झाली डेक्करचीच! त्याने सरळ राजीनामा दिला.

खिशात पैसे नसताना त्याने ब्रसेल्समध्ये बसून 'मॅक्स हावेलार' ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या कॉफीच्या दलालाला फक्त स्वतःचा धंदा दिसतो, राबणारा शेतकरी दिसत नाही. १८६० मध्ये 'मुल्तातुली' या टोपणनावाने ती छापली गेली आणि हॉलंड हादरलं. सक्तीची शेती पुढे हळूहळू बंद झाली. डेक्करला मात्र सरकारी नोकरी पुन्हा मिळाली नाही. १८८७ मध्ये तो जर्मनीत वारला.

१९८८ मध्ये मेक्सिकोच्या लहान शेतकऱ्यांची कॉफी रास्त भावाने नेदरलँड्समध्ये विकायला आली. तिच्यावरच्या शिक्क्याचं नाव होतं, मॅक्स हावेलार!

पुढच्या वेळी कॉफी घेताना पाकीट उलटून बघा. ती पिकवणाऱ्याचा काही पत्ता लागतो का?