डॉ. बिरबल साहनी

ज्या काळ्या कातळावर आपला महाराष्ट्र उभा आहे त्याचे वय किती, या प्रश्नाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते डॉ. बिरबल साहनी पंजाबचे. १४ नोव्हेंबर १८९१ रोजी भेरा गावी त्यांचा जन्म झाला. वडील रुचीराम लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. केंब्रिजला सीवर्ड यांच्या हाताखाली जीवाश्म वनस्पतींचे अध्ययन करून साहनी परतले आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठाचे झाले. १९३६ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

त्यांच्या शास्त्राचे मर्म आम्हां कलाशाखेच्या पदवीधरांनाही उमगते. परागकणाचे कवच विलक्षण चिवट. गाळात पुरले गेले की कोट्यवधी वर्षे टिकते. प्रत्येक युगाच्या वनस्पती निराळ्या, म्हणून त्यांचे कणही निराळे. दूरदूरच्या दोन थरांत सूक्ष्मदर्शकाखाली तोच कणसमूह आढळला, तर ते थर समकालीन मानावयाचे.

छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे लाव्ह्याच्या थरांमधील गाळात ताडवर्गीय वनस्पती व अझोला नेचा यांचे अवशेष मिळाले. अशा पुराव्यावरून दख्खनचा कातळ तृतीयक कल्पाच्या आरंभीचा, असे साहनींनी प्रतिपादिले. आजच्या मापनाने तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, म्हणजे तृतीयक व त्याआधीचा क्रिटेशस या कल्पांच्या सीमेवरच येतो.

मिठाच्या डोंगरांनी मात्र त्यांना चकविले. खेवडा येथील सैंधवावर कँब्रियन काळाचे खडक आहेत. तेव्हा मीठ त्याहून जुनेच, असा भूवैज्ञानिक गी यांचा निष्कर्ष. साहनींनी मीठ पाण्यात विरघळवून उरलेला गाळ तपासला, तो त्यात सपुष्प वनस्पतींच्या काष्ठाचे कण आणि कीटकांचे अवशेष! म्हणून मीठ इओसीन काळाचे, असे त्यांनी मांडले. पन्नास कोटी वर्षे की पाच कोटी, असा हा वाद. विरघळणाऱ्या मिठात मागाहून कण शिरले असतील, हा आक्षेप त्यांनी पुनःपुन्हा नमुने तपासून खोडण्याचा यत्न केला. त्यावर परिसंवाद भरले. अखेरीस निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. ते मीठ पन्नास कोटी वर्षांहून जुने आहे. आमच्या मते यात त्यांना उणेपणा नाही. आपला पुरावा त्यांनी प्रतिपक्षापुढे उघडा ठेवला होता.

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौला त्यांच्या पुरावनस्पती संस्थेच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी बसविली. त्या शिळेत साहनींनी देशोदेशीचे जीवाश्म जडविले होते. आठवडाभरातच, १० एप्रिलला, हृदयविकाराने ते गेले. संस्थेची धुरा पत्नी सावित्रीबाईंनी उचलली, आणि १९५३ च्या जानेवारीत नेहरूंच्याच हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले.